पुरात बुडालेल्या चेनसॉसाठी ५८ सीसीचं ‘फुल रिपेअर किट’: काय घ्यावं, काय सोडावं

वैनगंगेला नाही तर वर्धेला पूर आला की काठच्या गावांत कोठ्यात, पडवीत ठेवलेली झाड कापायची मशीन रात्रभर गाळात बसते. पाणी उतरल्यावर मोबाईलवर शोधाशोध होते आणि समोर येतं ते ‘४५/५२/५८ सीसी चेनसॉ फुल रिपेअर किट’. यात साधारण सिलेंडर, पिस्टन, रिंगा, पॅकिंग सेट, दोन ऑइल सील, कार्बोरेटर, प्लग, पेट्रोलच्या नळ्या आणि फिल्टर येतात. डब्यावर बहुधा कंपनीचं नावच नसतं. नाव नसलं म्हणून सगळंच टाकाऊ असतं असं नाही, पण सगळंच बसवावं असंही नाही.

किट मागवायच्या आधी एक पाळा: रस्सी ओढू नका. पाणी दबत नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकला तर या किटचा काही उपयोग नाही, कारण रॉड क्रँकला (इंजिनच्या फिरत्या दांड्याला) जोडलेला असतो आणि किटमध्ये क्रँक येतच नाही.

आधी प्लग, सायलेन्सर, कार्बोरेटर आणि स्टार्टरचं झाकण काढा. प्लगचं भोक जमिनीकडे करून मॅग्नेट, म्हणजे स्टार्टरच्या झाकणाखालचं चाक, हातानेच हळू फिरवा. गढूळ पाणी निघालं की आतून स्वच्छ पाण्याने धुवा. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ वाळला की बेरिंगला रेगमालासारखा खातो. मग ५० मिली पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल कालवून आत ओता, फिरवा, उपसा. पेट्रोल नितळ येईपर्यंत हेच दोन-तीनदा करा आणि शेवटी १५-२० मिली नुसतं ऑइल सोडा. ‘उन्हात ठेवली, वाळेल’ हा सल्ला गावोगाव मिळतो. मशीन वरून वाळते खरी, पण बेरिंगच्या गोळ्यांवर तोवर गंज धरलेला असतो.

आता किटकडे वळू. सायलेन्सरच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन पाहा. उभ्या रेषा नखाला अडकत नसतील तर जुनं सिलेंडर ठेवा. ते किटमधल्या नव्यापेक्षा सहसा चांगलंच असतं. किटच्या सिलेंडरच्या खिडक्यांच्या (आतल्या भिंतीतल्या हवा-धुराच्या भोकांच्या) कडा पुष्कळदा धारदार सुटलेल्या असतात आणि रिंग तिथेच अडकून तुटते. बदलावंच लागलं तर कडा बारीक दगडाने मोडून घ्या आणि ऑर्डर देताना स्टिकरवर जाऊ नका. पिस्टन व्हर्नियरने मोजा: ४५ सीसीला ४३ मिमी, ५२ ला ४५ मिमी, ५८ ला ४५.२ मिमी. शेवटच्या दोघांत फरक फक्त ०.२ मिमीचा, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे हवा. सर्क्लिपचं, म्हणजे पिस्टनची पिन अडवणाऱ्या तारेच्या कडीचं, तोंड सरळ वर किंवा सरळ खाली ठेवा. किटमधले सर्क्लिप मऊ वाटले तर वेगळे घ्या, सुटलेला सर्क्लिप सिलेंडर फाडतो.

पॅकिंग आणि ऑइल सील मात्र डोळे झाकून बदला. किटमधला सगळ्यात वसूल होणारा माल हाच. गाळाने सीलचा ओठ कापला गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी होतं आणि नवा पिस्टनसुद्धा दोन दिवसांत चिकटतो. लोक दोष मात्र ऑइलला देतात.

बेरिंग किटमध्ये नसेल तर बिघडत नाही, असलं तरी बसवू नका. क्रँक हाताने फिरवताना खरखर लागली तर तालुक्याच्या बेरिंगच्या दुकानातून नामवंत कंपनीची ६२०२ घ्या. जुनीवरचा गाळ पुसून, नंबर वाचून खात्री करा. सी-३ (आत थोडी जास्त सैल असलेली) मागा, आणि उघडी, बिनझाकणाची मागा. पंख्याची म्हणून मिळणारी झाकणवाली चालत नाही, कारण इथे बेरिंगला वंगण पेट्रोलमधल्या ऑइलचं मिळतं.

कार्बोरेटर पास. बुडालेल्या जुन्याच्या बारीक भोकांत पांढरी भुकटी बसते, ती काढत बसण्यापेक्षा नवा स्वस्त पडतो. एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) हे दोन्ही स्क्रू हळूच पूर्ण बसवून सव्वा फेरा मागे घ्या, तिथून सेटिंग सुरू करा. नळ्या मात्र नापास. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्या लवकर कडक होतात. मीटरवर मिळणारी चांगली नळी वेगळी घ्या आणि टाकीतलं जुनं पेट्रोल फेकाच. इथेनॉल पाणी ओढून तळाशी बसतं आणि फिल्टर नेमका तळातूनच ओढतो.

प्लगला स्पार्क देणारी कॉइल किटमध्ये येत नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाही. स्पार्क नसेल तर आधी बंद करायच्या स्विचची वायर कॉइलवरून सोडून पाहा. स्विचमध्ये गाळ अडकून वायर कायम अर्थ होते, आणि दुकानदार कॉइल विकून मोकळा होतो. मॅग्नेट आणि कॉइलचे पाय ४०० नंबरच्या रेगमालाने साफ करा, मधे व्हिजिटिंग कार्ड धरून कॉइल आवळा, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास गॅप राहतो. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

क्लचचे आटे उलटे असतात, सुटायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी घाला, लोखंड नको. ड्रममधली सुईची बेरिंग धुऊन ग्रीस भरा, तीही किटमध्ये नसते.

हिशेब असा: सिलेंडर शाबूत असेल तर फुल किट घेऊच नका. पॅकिंग-सील सेट, कार्बोरेटर आणि फिल्टर सुटे मागवा. सिलेंडर गेलं असेल तर फुल किट परवडतं, बेरिंग मात्र वेगळीच घ्या. क्रँकही वाकला असेल आणि खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर जुनी सुट्या भागांसाठी ठेवा.

सुरू झाल्यावर लिटरला ४० मिली टू-टी टाका आणि पहिल्या दोन टाक्या बाभळीच्या खोडात घालू नका, सुबाभळीच्या फांद्यांवर चालवा. पण कापायला लागण्याआधी पट्टीचं (जिच्यावर चेन फिरते तिचं) टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून रेस द्या. दहा-पंधरा सेकंदांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर चेन ऑइलच्या टाकीतली जाळी काढा, तिथे अजून पुराचा गाळ बसलेला असेल.