हरकत घेतली, सुनावणी झाली, उत्तर मात्र नाही (विकास आराखड्याच्या हरकती-सूचना, नगरपरिषद, अनुभव)

रेटिंग: 5 पैकी अडीच

आमच्या नगरपरिषदेने शहराच्या नवीन डीपीवर, म्हणजे विकास आराखड्यावर, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. नकाशा बघण्यापासून सुनावणीपर्यंत सगळं मी स्वतः केलं म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. आपण हॉटेलचा रिव्ह्यू लिहितो, कुरिअरचा लिहितो, मग पुढची 20 वर्षं घरासमोर रस्ता येणार का मैदान राहणार हे ज्या सेवेत ठरतं तिचाही लिहायलाच पाहिजे. गावाचं नाव टाकत नाहीये, कारण दुसऱ्या गावांतल्या ओळखीच्या लोकांशी बोलले तर त्यांचाही अनुभव थोड्याफार फरकाने असाच निघाला.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहे, एमआरटीपी म्हणतात तो. त्याच्या कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, राजपत्रात आणि पेपरात नोटीस येते आणि तिथून हरकतीची मुदत सुरू होते. आमच्याकडे 30 दिवस होते. नंतर कलम 28 ची नियोजन समिती सुनावणी घेते, तिच्यात स्थायी समितीचे 3 सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त 4 जाणकार असतात. समितीचा अहवाल येतो, त्यावरून आराखड्यात बदल होतात आणि मग तो मंजुरीला शासनाकडे जातो. आमच्या वेळी प्रशासक होता, त्यामुळे समोर आपला म्हणावा असा एकही नगरसेवक नव्हता, हा फरक फार मोठा पडतो, त्यावर पुढे येतेच.

मला कळलं कसं ते आधी सांगते. पेपरातली नोटीस मी वाचलीच नव्हती, आमच्या गल्लीत कोणीच वाचली नव्हती. माझं मेडिकल आहे, तिथे औषधाला आलेल्या एका काकांनी सहज विचारलं की तुमच्या मागच्या चाळीवरनं रस्ता जातोय म्हणे, खरं का? तेव्हा 30 पैकी 11 दिवस गेलेले होते. नोटीस बारीक टाइपात, सरकारी मराठीत, 'विवक्षित', 'उपरोक्त', 'अधिनियमातील तरतुदींस अधीन राहून' असली. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक साधा कागद लावला असता की या रस्त्याची नवी आखणी इथून जाते, अमुक तारखेपर्यंत हरकत द्या, तर सगळं काम झालं असतं. त्याला खर्च तो किती येणार.

नकाशा नगरपरिषदेच्या वरच्या हॉलमध्ये भिंतीला लावला होता आणि हे काम त्यांनी चांगलं केलं होतं, ते सांगितलंच पाहिजे. मोठा होता, स्वच्छ छापलेला, सुट्टीच्या दिवशी पण हॉल उघडा ठेवला होता. पिवळा रहिवास, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेतीचा, असे रंग. पण त्यावर आपलं घर शोधणं म्हणजे खरंच कठीण, कारण गल्लीचं नाव नाही, देवळाचं नाव नाही, नुसते सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर. माझ्याबरोबर चाळीतल्या आजी आल्या होत्या, त्या 50 वर्षं तिथे राहतात, त्यांनी नकाशाला नाक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं यात आपली विहीर कुठाय?" विहीर नव्हतीच. सार्वजनिक विहीर, दगडी, अजून पाणी आहे तिला, उन्हाळ्यात आमच्या चाळीतले लोक धुण्याभांड्याला तेच पाणी वापरतात. नकाशात तिथे 18 मीटर रुंद रस्त्याचा पट्टा होता आणि त्या पट्ट्याखाली चाळीच्या 9 खोल्या पण होत्या.

तिथे नगररचना विभागाचे एक तरुण इंजिनिअर बसलेले असायचे. त्यांचं नाव लिहीत नाही पण या सगळ्यातले पूर्णच्या पूर्ण मार्क त्यांना. त्यांनी खिशातली पट्टी काढली, आजींना खुर्ची दिली, नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं की बघा हे तुमचं देऊळ, हा ओढा, इथून रेषा वळते आणि इथे तुमची चाळ लागते. आजींच्या हाताचं बोट धरून त्या रेषेवरून फिरवलं अक्षरशः. मग म्हणाले की विद्यमान जमीन वापराच्या नकाशात, म्हणजे आत्ता जागेवर काय आहे ते दाखवणाऱ्या आधीच्या नकाशात, विहीर राहून गेलीय, तुम्ही हरकतीत हे लिहाच, फोटो जोडा. असा माणूस प्रत्येक हॉलमध्ये असला तर अर्ध्या हरकती आपोआप मुद्द्याच्या येतील.

आता हरकत कोण देऊ शकतं यावर खूप गैरसमज आहे. चाळीतले बहुतेक भाडेकरू, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मालकाच्या नावावर, मालक मुंबईत. त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला काही बोलायचा हक्कच नाही, मालकाने दिली तर दिली. हे चूक आहे. कायद्यात कोणत्याही व्यक्तीने लेखी हरकत किंवा सूचना द्यावी असंच आहे, भाडेकरू असो, रस्त्यावर भाजी विकणारा असो, नाहीतर रोज तिथनं शाळेत जाणाऱ्या मुलाची आई असो. हे नगरपरिषदेने एकदा स्पीकर लावलेल्या रिक्षातून सांगितलं असतं तर! कर भरा म्हणून रिक्षा फिरते की आमच्याकडे, पाणी येणार नाही म्हणून फिरते, मग डीपीला का नाही फिरली हे मी तिथल्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले नियमात पेपरची नोटीस आहे. नियमात आहे तेवढंच केलं, माझा मुख्य राग इथेच आहे.

अर्ज आम्ही रात्री दुकान बंद करून लिहिले. एकच मजकूर झेरॉक्स करून 60 सह्या घ्यायच्या का प्रत्येकाने वेगळा द्यायचा यावर बरंच बोलणं झालं, शेवटी प्रत्येक घराचा वेगळा दिला, घरात किती माणसं, किती वर्षं राहतात, वीजबिलाची प्रत, विहिरीचा फोटो, आणि सूचना म्हणून मागची ओढ्याकडची मोकळी जागा धरून रस्ता वळवावा असं हाताने काढलेलं स्केच. नुसतं 'रस्ता नको' लिहिलं तर समितीपुढे ठेवायला काही राहत नाही, पर्याय द्यावा लागतो, हे आम्हाला त्या इंजिनिअरांनीच सांगितलं होतं. आवक-जावक खिडकीवर पहिल्या दिवशी म्हणाले ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. आम्ही उभे राहिलो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे कोणीही डीपीला हरकत देणार असेल तर लक्षात ठेवा, कारण सुनावणीच्या वेळी दोघांचे अर्ज यादीत सापडत नव्हते आणि शिक्क्याची प्रत दाखवल्यावरच त्यांना आत घेतलं.

सुनावणी. सगळ्यांना सकाळी 11 ची वेळ दिली होती, सगळ्यांना एकच, म्हणजे दीडशेच्या वर माणसं एका जिन्यात उभी. आमचा नंबर पावणेचारला लागला. चाळीतल्या दोन बायका घरकामाला जातात, त्यांचा पूर्ण दिवसाचा खाडा झाला, एकीला पुढच्या घरी बोलणी पण बसली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट पाडून वेळ दिली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. आत गेल्यावर मात्र वागणूक नीट होती, कोणी आवाज चढवला नाही, समितीतल्या एका बाईंनी स्केच हातात घेऊन दोन प्रश्न विचारले, ओढ्याला पूर येतो का, किती वर येतो. आजींनी सांगितलं, पायरीपर्यंत येतो, 2005 ला उंबऱ्याला लागला होता. मिळाली जेमतेम तीन मिनिटं, पण ती तीन मिनिटं खरी वाटली, त्यांनी लिहून घेतलं.

आणि मग काहीच नाही. कितीतरी महिने. पत्र नाही, मेसेज नाही, अर्जावर मोबाइल नंबर लिहायला लावला होता तो कशाला कोण जाणे. सुधारित आराखडा प्रसिद्ध झाला तो पण आम्हाला त्या औषधाला येणाऱ्या काकांकडूनच कळला. हॉलमध्ये जाऊन बघितलं तर रस्ता 18 चा 12 मीटर झालाय, 9 पैकी 5 खोल्या वाचल्यात, विहीर आणि 4 खोल्या तशाच पट्ट्यात. आनंद झाला नाही असं नाही, 5 घरं म्हणजे 5 घरं, लोकांनी हरकती दिल्या नसत्या तर तीही गेली असती हे मी सगळ्यांना सांगते. पण का? 12 का केला, वळवला का नाही, ओढ्याच्या पुराचं कारण असेल तर तसं सांगा ना, आम्हाला पटेल कदाचित. विहिरीबद्दल कोणी काय म्हटलं? आजी मला विचारतात, "त्या बाईंनी लिहून घेतलं होतं ना गं?" मी काय उत्तर देऊ. माझे अडीच स्टार कापले गेलेत ते इथे, रांगेबद्दल नाही आणि तीन मिनिटांबद्दल पण नाही. लोकांकडून मत मागवायचं आणि त्याचं काय केलं ते एका ओळीत पण परत कळवायचं नाही, हे मला मान्य नाही.

मोठ्या शहरांत वेगळं चालतं असं समजू नका, पण तिथे हरकतींच्या संख्येने तरी जोर येतो. मुंबईचा 2034 चा आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला तेव्हा त्यात उभ्या इमारतींवरनं रस्ते, हेरिटेज वास्तू गायब, आरे कॉलनी बांधकामाला खुली, असलं बरंच काही होतं. 65 हजारांच्या आसपास हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडाच रद्द करून नव्याने करायला सांगितला, 2016 ला सुधारित मसुदा परत लोकांपुढे आला आणि मंजुरी 2018 ला. पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये 87 हजारांच्या घरात हरकती होत्या, पुढे 2015 ला शासनाने तो महापालिकेकडनं काढूनच घेतला. आमच्यासारख्या छोट्या गावात आकडा शेकड्यात असतो, तिथे प्रत्येक अर्जाला दोन ओळींचं उत्तर देणं अशक्य आहे हे मला कोणी पटवून देऊ नये.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये राहते, तिला हे सगळं फोनवर सांगत होते. तिच्याकडे शेजाऱ्याने स्वयंपाकघर मागे वाढवायला परवानगी मागितली तर काउन्सिलचं पत्र तिच्या दारात आलं, काही म्हणायचं असेल तर 21 दिवसांत कळवा म्हणून. शहराच्या पूर्ण आराखड्यावर तिथे मत द्यायला निदान 6 आठवडे देतात, आणि नंतर बाहेरचा इन्स्पेक्टर येऊन तपासणी करतो आणि त्याचा कारणांसकट रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळतो. तिथेही लोक वैतागतात, ठरलेलं आधीच असतं असं ती पण म्हणते. पण प्रत्येक काउन्सिलला आपण लोकांना कधी, कसं विचारणार हे आधी लिहून जाहीर करावं लागतं, ते मला फार आवडलं. आपल्याकडे इमारतीच्या परवानगीला शेजाऱ्याला कोण विचारतंय, पाया खणायला मशीन आलं की कळतं.

नगरसेवक नसण्याबद्दल म्हटलं होतं. 2022 नंतर कितीतरी ठिकाणी प्रशासक होते आणि त्याच काळात आराखडे पण झाले. नगरसेवक चांगला असो वाईट असो, त्याच्या दारात रात्री 9 ला जाऊन काका हे काय चाललंय असं विचारता येतं, प्रशासकाच्या केबिनबाहेर चिठ्ठी देऊन बसावं लागतं. हरकतींच्या काळात निवडून आलेलं कोणीतरी असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

तुमच्या गावात डीपी निघणार असेल तर प्रॉपर्टी कार्डावरचा सिटी सर्व्हे नंबर आत्ताच लिहून ठेवा आणि पहिल्या आठवड्यातच नकाशा बघून या, शेवटच्या दोन दिवसांत खिडकीवर हात पोचत नाही. आणि जमीन वापराचा जो आधीचा नकाशा असतो ना तो नक्की बघा, आमची विहीर तिथेच राहून गेली होती, पुढचं सगळं त्यावरच रचलं गेलं.

आराखडा आता शासनाकडे गेलाय. मी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, आमच्या आवक क्रमांकांवर समितीने काय शेरा मारला त्याची प्रत द्या म्हणून. 30 दिवस पुढच्या सोमवारी होतात. प्रत आली की आजींना वाचून दाखवते आणि इथे रेटिंग बदलायचं असेल तर बदलते.