किड्स रिटर्न की वाइल्डरनेस, आधी कोणता बघायचा?

एकटी पडलेली पोरं बॉक्सिंगकडे वळतात अशी गोष्ट बघायचीये आणि या दोन जपानी पिक्चरमध्ये अडकला असाल, तर आधी वेळ किती आहे ते बघा. ताकेशी कितानोचा 'किड्स रिटर्न' (१९९६) पावणेदोन तासांत आटपतो, योशियुकी किशीचा 'वाइल्डरनेस' (२०१७) दोन भागांत आहे, मिळून पाच तास. योगायोग असा की दोन्हीकडे एका हिरोचं नाव शिंजीच.

कितानोचे शिंजी आणि मासारू शाळा बुडवून भटकणारे. मासारू एका बॉक्सरचा मार खातो म्हणून जिमला जायला लागतो, शिंजीला पण सोबत ओढतो, पण हात चालतो तो शिंजीचा, आणि सरावात मित्राकडूनच हरल्यावर मासारू जिम सोडून याकुझांमध्ये, म्हणजे जपानी गुंडांच्या टोळीत जातो. शिंजीला कायम पुढे चालणारा कोणीतरी लागतो, मासारू गेला तर एक जुना बॉक्सर त्याला दारूची सवय लावतो आणि हा गपचूप पितो. हे कुणी आपल्याला समजावून सांगत नाही, फक्त दिसतं, आणि म्हणूनच जास्त लागतं. संगीतकार जो हिसाइशीचं संगीत तर सुंदरच.

वाइल्डरनेस शुजी तेरायामाच्या १९६६च्या कादंबरीवरचा, काळ मात्र २०२१चा, जागा टोकियोतलं शिंजुकू. इथला शिंजी (मासाकी सुदा) सुधारगृहातून सुटलेला, डोक्यात सूड. पण मी सगळा वेळ बघत राहिलो दुसऱ्या हिरोला, केंजीला. यांग इक-जूनने काय काम केलंय! न्हाव्याच्या दुकानात कामाला, बोलताना अडखळतो, बाप मारकुटा, आणि रिंगमधलं नाव 'बारिकान', म्हणजे केस कापायचं मशीन. शिंजी समोरच्याचा द्वेष करून लढतो, केंजीला द्वेष करताच येत नाही, त्याला माणसांच्या जवळ जायचंय आणि इतकं जवळ त्याला फक्त रिंगमध्येच जाता येतं. ठोसे मारण्यातला असा एकटेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही.

पहिल्या भागातला आत्महत्येबद्दलचा ट्रॅक लांबलाय आणि जड पण आहे, मन आधीच खचलेलं असेल तर आत्ता नका बघू.

एकच संध्याकाळ असेल तर किड्स रिटर्न. मला निवडायला लावलं तर वाइल्डरनेस, फक्त दोन्ही भाग लागोपाठच्या दिवशी बघा, पहिल्यानंतर सोडू नका, केंजी खरा उलगडतो तो दुसऱ्यात.