फ्रीफाइलसिंक: रात्रीचं सिंक झकास, परमिशनचं मात्र तुमचं तुम्ही बघा

आमचं छोटं सीए ऑफिस, नऊ जण, त्यात चार आर्टिकलची (सीएचं काम शिकणारी) पोरं. सर्व्हरवरचे क्लायंटचे फोल्डर रोज रात्री दुसऱ्या मशीनवर कॉपी व्हावेत एवढंच हवं होतं आणि दर वर्षी पैसे भरायला सर तयार नव्हते, म्हणून फ्रीफाइलसिंक हे फोल्डर जुळवून ठेवणारं फुकटवालं सॉफ्टवेअर टाकलं. मिरर मोड निवडला, बॅच जॉब (आपोआप चालवता येणारी सेटिंगची फाइल) सेव्ह केला, झालं. पण याला स्वतःचं शेड्युलर नाही हां, विंडोजच्या टास्क शेड्युलरलाच जुंपावं लागतं.

तिथे माझे दोन दिवस गेले. हाताने चालवलं की धावायचं, रात्री ढिम्म. कारण काय, तर मी झेड ड्राइव्ह (सर्व्हरच्या फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर) दिलेला, आणि कोणी लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला तो मॅप केलेला ड्राइव्ह दिसतच नाही. दोन बॅकस्लॅश लावून सर्व्हरच्या नावाने पूर्ण पाथ द्या. बॅचमध्ये ऑटो क्लोज आणि इग्नोर एरर्स पण टिक करा, नाहीतर एखादा मेसेज येतो आणि कोणाला न दिसता सकाळपर्यंत ओकेची वाट बघत बसतो.

रोल वगैरे, म्हणजे कोणाला काय करता येईल ते, यात काही नाही, ते सगळं विंडोजकडे. मी पार्टनर, सीनियर, आर्टिकल असे तीन ग्रुप केले आणि सिंकसाठी वेगळं अकाउंट काढलं, बॅकअपमध्ये लिहायची परवानगी फक्त त्यालाच. आता माझा शहाणपणा ऐका, बॅकअपवर एव्हरीवनला, म्हणजे सगळ्यांनाच, राइट डिनाय (लिहायला मनाई) ठोकला! डिनाय दिलेल्या परवानगीवर भारी पडतो आणि एव्हरीवनमध्ये ते बिचारं सिंकचं अकाउंटही आलंच की. सकाळी लॉग उघडला तर नुसत्या एररच एरर. डिनाय काढला, वरच्या फोल्डरकडून येणाऱ्या परमिशन तोडल्या, ज्याला द्यायचं नाही त्याचं नावच ठेवलं नाही, तेव्हा कुठे जमलं.

आणि मिरर म्हणजे आरसा, इकडे उडालं की तिकडेही उडणार. म्हणून डिलीटच्या सेटिंगमध्ये व्हर्जनिंग (उडालेल्या फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणं) लावाच, टाइम स्टॅम्पवालं, म्हणजे तारीख-वेळ टाकणारं. गेल्या महिन्यात एका पोराने जुनी कॉपी समजून चालू ऑडिटचा फोल्डर उडवला आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातच नाही. व्हर्जनच्या फोल्डरमध्ये तारखेसकट सापडला, पाच मिनिटांत परत जागेवर. सरांना अजून माहीत नाही.