लॅमोट्रिजिन: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मला बायपोलर विकाराचा, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे फेरे येणाऱ्या मानसिक आजाराचा, दुसरा प्रकार आहे आणि गेले वर्षभर मी लॅमोट्रिजिन नियमितपणे घेत आहे. माझ्या मावसभावाला आकडीसाठी हेच औषध चालू आहे. एकाच कुटुंबात दोन निराळ्या आजारांसाठी एकच गोळी आल्यामुळे तिच्याविषयी बरेच वाचले गेले आणि दोघांच्याही डॉक्टरांना पुष्कळ प्रश्न विचारता आले. त्यातून माझे जे मत बनले ते असे की, या औषधाचा मोठा धोका घाईत आणि खंडात आहे: मात्रा भराभर वाढवली, किंवा मध्ये खंड पाडून पुन्हा एकदम पूर्ण मात्रा सुरू केली, तर तो धोका वाढतो. नव्याने ही गोळी सुरू करणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहे. मात्र प्रत्येकाची मात्रा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे, हे कृपया धरून चालावे.

लॅमोट्रिजिन हे मुळात आकडीवरचे औषध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते अपस्मारासाठी १९९४ मध्ये आणि बायपोलर विकाराच्या दीर्घकालीन उपचारासाठी २००३ मध्ये मान्य केले. उन्मादाचा जोर चढलेला असताना तो उतरवण्यासाठी ते कामाचे नाही. नैराश्याचे फेरे पुन्हा येऊ नयेत यासाठी त्याचा अधिक उपयोग होतो. माझ्या आजारात नैराश्यच महिनोन्‌महिने ठाण मांडून बसत असे, म्हणून डॉक्टरांनी हे औषध निवडले. दुसरे कारण असे की मी तेव्हा व्हॅल्प्रोएट हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे दुसरे औषध घेत होते आणि आम्हाला मूल हवे आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुमारे १०० पैकी १० बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. युरोपात २०१८ पासून मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना ते देण्यावर कडक अटी आहेत. आपल्याकडे व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या प्रत्येक तरुणीला हे पहिल्याच भेटीत सांगितले जायला हवे, असे मला फार मनापासून वाटते.

व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन एकत्र घेतले की यकृतातून लॅमोट्रिजिनचा निचरा निम्म्यावर येतो, म्हणजे तेवढ्याच गोळीचे रक्तातील प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे माझी सुरुवात पहिले दोन आठवडे दिवसाआड २५ मिलिग्रॅम अशी झाली. त्यानंतर दोन आठवडे रोज २५, मग ५० आणि मग १००. व्हॅल्प्रोएट नसते तर पहिल्या दिवसापासून रोज २५ ने सुरुवात करून सहाव्या आठवड्याच्या सुमारास २०० पर्यंत जाता आले असते. मावसभावाचे गणित याच्या अगदी उलट होते. तो आधीपासून कार्बामाझेपिन हे आकडीवरचे दुसरे औषध घेतो आणि ते औषध लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर बाहेर काढते, म्हणून त्याला सुरुवातीलाच रोज ५० मिलिग्रॅम मिळाले. मावशीने हे ऐकल्यावर मला काळजीने विचारले, "अगं, त्याला पहिल्या दिवसापासून पन्नासची रोज, आणि तुला पंचवीसची तीही दिवसाआड? तुझे डॉक्टर जरा भित्रे तर नाहीत ना?" एकाच औषधाचे हे तीन जिने आहेत आणि आपण कोणत्या जिन्यावर आहोत हे सोबतच्या औषधांवरून ठरते, हे तिला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. कुणाची मात्रा ऐकून आपली मात्रा जोखू नये.

दिवसाआड गोळी घेणे रोज घेण्यापेक्षा अवघड असते. काल घेतली की परवा, हा गोंधळ नक्की होतो. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गोळीच्या प्रत्येक तारखेला आधीच लाल गोल करून ठेवले आणि गोळी गिळल्यावरच त्या गोलात बरोबरची खूण केली. यांनाही ते येता-जाता दिसत असे. ही साधी सोय मला मोबाइलच्या गजरापेक्षा भरवशाची वाटली, कारण गजर बंद केला म्हणजे गोळी घेतली असे होत नाही.

एवढी सावकाश चढण कशासाठी, याचे उत्तर त्वचेत आहे. या औषधाने साधे पुरळ बऱ्याच जणांना उठते, पण क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा जिवावर बेतणारा प्रकार होतो, ज्यात त्वचा, तोंड आणि डोळ्यांच्या आतले अस्तर सोलून निघते. बायपोलर विकाराच्या चाचण्यांत गंभीर पुरळाचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे हजारात एक होते. आकडीसाठी इतर औषधांच्या जोडीला दिले तेव्हा प्रौढांमध्ये ते हजारात तीन आणि लहान मुलांमध्ये हजारात आठच्या आसपास आढळले. बहुतेक वेळा ते दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दिसते. सुरुवातीची मात्रा जास्त असणे, ती झपाट्याने वाढवणे आणि सोबत व्हॅल्प्रोएट असणे, या तिन्हींमुळे त्याची शक्यता वाढते.

माझी सुरुवात जळगावच्या ऐन वैशाखात झाली, आणि त्या उन्हात मानेवर व पाठीवर बारीक लाल पुरळ उठले. ते घामोळे असावे असे घरातल्या प्रत्येकाचे मत पडले. मी त्याच सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फोटो मागवले, ताप आहे का, घसा दुखतो का, तोंडात फोड आले का, डोळे लाल झाले का, मानेला किंवा काखेत गाठी लागतात का, असे एकेक करून विचारले, आणि तरीही दुपारी प्रत्यक्ष बोलावून घेतले. त्यांनी बोटाने त्वचा दाबून पाहिली, टॉर्चने तोंडाचा आतला भाग तपासला, आणि मगच घामोळे असल्याचे सांगून गोळी चालू ठेवायला सांगितली. सुरुवातीच्या आठवड्यांतले कोणतेही पुरळ फोनवर मोडीत काढायचे नाही, हा त्यांचा नियम मला फार पटला. त्यांनी आधीच बजावले होते की पहिले तीन महिने नवा साबण, नवे तेल, नवी क्रीम आणि पूर्वी कधी न खाल्लेले पदार्थ टाळावेत, म्हणजे पुरळ आलेच तर संशयाला जागा कमी राहते. शक्य असेल तर ही गोळी थंडीत सुरू करावी, असे माझे आपले मत; पण आजार वाट पाहणारा नसेल तर अर्थातच ऋतू पाहू नये.

आता खंडाविषयी. लॅमोट्रिजिन एकटेच चालू असेल तर रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण सव्वा दिवस लागतो. असे पाच अर्धायुष्यकाळ, म्हणजे सुमारे पाच-सहा दिवस, गोळी चुकली तर शरीर पुन्हा नव्यासारखे होते. मग आधीच्या पूर्ण मात्रेवर थेट परतता येत नाही, २५ पासून पुन्हा सगळा जिना चढावा लागतो. सोबत कार्बामाझेपिन असेल तर ही मुदत तीन दिवसांवर येते. एखादीच गोळी विसरली असेल तर आठवताच घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, पण भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. मावसभावाच्या बाबतीत खंडाचा परिणाम लगेच दिसतो, कारण औषध अचानक थांबले की आकड्या एकामागून एक येऊ शकतात. माझ्या बाबतीत काही दिवस काहीच जाणवणार नाही, आणि बायपोलरच्या रुग्णाला तेच फसवते. बरे वाटते आहे म्हणजे गोळीची गरज संपली, असे मन सांगू लागते.

खंड केवळ विसरण्याने पडत नाही, मालाच्या तुटवड्यानेही पडतो. २५ ची गोळी आमच्याकडे प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. एकदा एका दुकानात चिठ्ठीवर २५ लिहिलेले असताना १०० ची स्ट्रिप पुढे आली. मी ती परत केली, तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी." कंपनी वेगळी होतीच, पण ताकद चौपट होती, आणि माझा तो तिसरा आठवडा चालू होता. तेव्हापासून मी काउंटरवरच तीन गोष्टी वाचते: औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, आणि नावापुढची डीटी किंवा ओडी ही अक्षरे. डीटी म्हणजे पाण्यात विरघळणारी साधी गोळी, ओडी म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारी. ओडी तोडायची किंवा चावायची नसते. मूळ नाव वाचायचे कारण असे की लॅमोट्रिजिन आणि एचआयव्हीवरचे लॅमिव्हुडिन या नावांत गल्लत झाल्याच्या नोंदी आहेत. आकडीच्या रुग्णांनी तर शक्यतो कंपनीही बदलू नये, आणि बदलावी लागलीच तर डॉक्टरांना कळवावे.

इतर औषधांत एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सर्वांत महत्त्वाच्या, कारण त्या लॅमोट्रिजिनचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणतात, आणि त्या थांबवल्या की ते पुन्हा वर जाते. सणावारासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयाच्या ठोक्यांचा आजार असल्यास तो आधीच सांगावा. त्याविषयी २०२१ पासून वेगळी सूचना आहे. उपवासाची मात्र अडचण नाही, कारण ही गोळी रिकाम्या पोटीही चालते. चतुर्थी असो की नवरात्र, घोटभर पाण्याबरोबर ती घेतलीच पाहिजे. लिथियम हे बायपोलरवरचे दुसरे औषध घेणाऱ्यांनी मात्र निर्जळी उपवास करू नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. जागरण आम्हा दोघांनाही वर्ज्य आहे: अपुऱ्या झोपेने त्याला आकडी येऊ शकते आणि मला उन्मादाकडे ढकलले जाऊ शकते.

परिणामाविषयी सांगायचे तर पहिले दीड-दोन महिने मला काहीच फरक जाणवला नाही, आणि तो काळ कठीण गेला. मात्रा १०० वर स्थिरावल्यानंतर सकाळचे जडपण ओसरू लागले. पुढे व्हॅल्प्रोएट हळूहळू बंद झाले. त्याचा अडथळा गेल्यावर लॅमोट्रिजिनचे रक्तातले प्रमाण घटते, म्हणून माझी मात्रा टप्प्याटप्प्याने २०० केली गेली. हातांची थरथर गेली, केस गळायचे थांबले, वजन वाढले नाही. सुरुवातीला डोकेदुखी आणि फार ठसठशीत स्वप्ने यांचा त्रास झाला. गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊ लागल्यावर झोप सुधारली. आकडीवरच्या सर्वच औषधांसोबत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी सूचना २००८ पासून आहे, म्हणून मनःस्थितीतला बदल आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात यावा, अशी व्यवस्था करून ठेवावी. रात्री-अपरात्री डॉक्टर भेटत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

गरोदरपणात लॅमोट्रिजिनचे रक्तातले प्रमाण बरेच घटते आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा चढते, त्यामुळे मात्रा दोन्ही वेळा बदलावी लागू शकते. पुढच्या भेटीत मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांकडून रक्ततपासणीचे वेळापत्रक आणि फॉलिक ॲसिडची मात्रा आधीच लिहून घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे.