पायलट कॅपलेस : काकांच्या डाव्या हातासाठी घेतलेले शाईपेन

पायलट कंपनीचे कॅपलेस हे टोपण नसलेले फाउंटन पेन आमच्या पुण्यातील शाईपेनवाल्यांच्या कट्ट्याने यंदाच्या पावसाळ्यात वर्गणी काढून घेतले. ज्यांच्यासाठी घेतले, त्या काकांचे उजवे मनगट ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरून मोडले होते, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि रोज सकाळी दोन पाने लिहिल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, त्या माणसाला बॉलपेनने डाव्या हाताने औषधांच्या वेळा टिपून ठेवण्यावर समाधान मानावे लागत होते. पेन निवडण्यापासून ते वापरात येईपर्यंत आम्ही सारेच त्यात गुंतलो असल्याने हे परीक्षण एकट्या माझ्या मताचे नाही.

काकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पेनाची निवड त्यांच्या सवयींवरूनच झाली. कट्ट्यावर नवा मुलगा आला की त्याच्या हाती एक चालू पेन आणि छोट्या कुपीत शाई देऊनच ते त्याला घरी पाठवतात. निब कागदाला टोचत असेल, तर भिंगाखाली तिचे दोन्ही फाळ, म्हणजे चिरेने विभागलेली टोकाची दोन पाती, एका पातळीत आहेत का हे पाहतात, पितळेची पातळ पट्टी मधल्या चिरेतून अलगद फिरवतात आणि पुन्हा लिहून पाहतात. हे काम ते तासन्‌तास करतात व त्याचा एक पैसाही घेत नाहीत. आमच्यापैकी निम्म्यांहून अधिक जणांची आवडती पेने त्यांच्याच हातून लिहिती झालेली आहेत.

त्यांना स्वतःला एबोनाइटची (कडक रबराची), ड्रॉपरने शाई भरायची भारतीय पेने प्रिय. या पेनांत भरपूर शाई मावते आणि ती वर्षानुवर्षे टिकतात, परंतु त्यांचे टोपण आट्यांचे असते व ते फिरवायला दोन हात लागतात. दाबून बसणारे टोपणही एका हाताने काढणे अवघडच, आणि उघडे ठेवलेल्या पेनाची निब थोड्याच वेळात वाळून जाते. ही अडचण कॅपलेस नेमकी सोडवते. १९६३ साली पायलटने हे पेन प्रथम बाजारात आणले. मागचे बटण अंगठ्याने दाबले की पुढच्या तोंडाशी असलेली बारीक झडप उघडते आणि १८ कॅरेट सोन्याची छोटी निब बाहेर येते. पुन्हा दाबल्यावर निब आत जाते, झडप मिटते आणि शाई वाळत नाही. बटणाचा दाब खोल आहे, साध्या बॉलपेनसारखा हलका नाही, तरीही काकांच्या डाव्या अंगठ्याला तो पहिल्या दिवसापासून जमला.

डाव्या हाताने लिहिताना निब कागदावरून ओढली जाण्याऐवजी पुष्कळदा ढकलली जाते, त्यामुळे बारीक निब कागदात रुतते. म्हणून आम्ही मध्यम जाडीची निब मागवली. जपानी निबा युरोपीय निबांपेक्षा एक पायरी बारीक असतात, हेही विचारात घेतले होते. शाई कॅम्लिनची रॉयल ब्लू भरली, कारण नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून तळहात जातो आणि साध्या वहीच्या कागदावर ही शाई लवकर सुकते. अक्षर पहिल्या आठवड्यात वाकडेतिकडे आले, पण रेघ कुठे तुटली नाही. निबेचा प्रवाह ओला आणि एकसारखा आहे, याबद्दल पायलटचे कौतुक करावे तितके थोडेच आहे.

क्लिपबद्दल मात्र तक्रार आहे. ती निबेच्या बाजूला, नेमकी बोटांच्या पकडीच्या जागी बसवलेली आहे. खिशात पेनाचे तोंड वर राहून शाई गळू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तर्जनी आणि अंगठा क्लिपच्या दोन बाजूंना ठेवणाऱ्यास ती सोयीचीही वाटते, परंतु काकांप्रमाणे पेन किंचित फिरवून धरणाऱ्याला ती सतत बोचते. पितळी अंगामुळे पेनाचे वजन सुमारे ३० ग्रॅम आहे, आणि लिहिण्याची सवय नसलेला हात त्याने लवकर थकतो.

दुसरी उणीव मोठी आहे. पेन एका हाताने उघडते, पण शाई एका हाताने भरता येत नाही, कारण त्यासाठी पेन मधोमध उघडून आतला निबेचा भाग बाहेर काढावा लागतो. सोबतच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत, जेमतेम ०.४ मिलिलिटर शाई मावते. पायलटच्या काडतुसात, म्हणजे तयार शाईच्या प्लास्टिक नळीत, ०.९ मिलिलिटर मावते, म्हणून रिकामी काडतुसे धुऊन सिरिंजने भरून ठेवण्याचा मार्ग आम्ही स्वीकारला. दर रविवारी कट्ट्यातील कोणीतरी काकांकडे जाऊन हे करते. ती भेट आता केवळ शाईपुरती उरलेली नाही. दुरुस्तीसाठी आलेली लोकांची पेने त्यांच्या खणात पडून होती, ती एकेक करून बाहेर निघाली. काका भिंगातून पाहून सांगतात, ‘डावा फाळ वर आहे, नखाने हलकेच खाली घे,’ आणि समोर बसलेली मुले तसे करतात. एका विद्यार्थिनीने तर पहिल्याच बैठकीत निबेखालची, तिच्यापर्यंत शाई पोहोचवणारी जीभ स्वच्छ करून परत नीट बसवली. मनगटाच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाला हातभार लावण्याचा विषय आम्ही काढला होता, तो त्यांनी ठामपणे नाकारला, पण पेन मात्र आनंदाने ठेवून घेतले.

किंमत दहा हजार रुपयांहून बरीच अधिक आहे. एवढा खर्च करायचा नसेल, तर मॅजॉन कंपनीचे ए१ हे याच धर्तीचे चिनी पेन पुष्कळ स्वस्तात मिळते. त्याची निब पोलादी असते आणि ते क्लिपविनाही मिळते, त्यामुळे तात्पुरत्या दुखापतीसाठी मी तेच सुचवेन. काकांसाठी आम्ही महागडे पेन घेतले, कारण प्लास्टर निघाल्यानंतरही मनगटाची पीळ घालण्याची ताकद परत यायला वेळ लागतो आणि ते हे पेन पुढे उजव्या हातानेही वापरणार आहेत. ज्यांना कॅपलेसच घ्यायचे असेल, त्यांनी दुकानात जाऊन, आपली बोटे क्लिपभोवती कशी बसतात हे दोन-चार ओळी लिहून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.