कॉम्प्युबॉक्सचे आकडे: अटीतटीच्या लढतीत किती भरवसा ठेवावा?

अकोल्यात मी शाळा-कॉलेजच्या मुलांना बॉक्सिंग शिकवतो. एखाद्या मोठ्या लढतीचा निकाल वादात सापडला की दुसऱ्या दिवशी सरावाला आलेली पोरं मोबाइल पुढे धरतात. "सर, याचे ठोसे जास्त लागले, मग विजेतेपदाचा बेल्ट त्याला कसा?" मोबाइलवर बहुतेक वेळा कॉम्प्युबॉक्सचा, म्हणजे लढतीत कुणी किती ठोसे मारले आणि किती लागले हे मोजणाऱ्या सेवेचा तक्ता असतो. मी ही सेवा बरीच वर्षं वापरतोय, मुलांनाही वापरायला लावतो, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

नावावरून वाटतं की यंत्र मोजत असेल. मोजतात माणसंच. रिंगजवळ दोघं बसतात आणि प्रत्येकाची नजर एकाच बॉक्सरवर असते. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) लागला, जॅब हुकला, पॉवर ठोसा लागला, पॉवर ठोसा हुकला, अशा चार नोंदी ते बटणं दाबून करत जातात. १९८५ पासून हे चालू आहे. यातली पहिली अडचण इथेच आहे. जॅब सोडून बाकी सगळं 'पॉवर' धरलं जातं. हनुवटीला चाटून गेलेला हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि गुडघे लटपटवणारा हूक, दोन्हींची नोंद एकसारखी. ठोशाचं वजन या तक्त्यात कुठेच नसतं.

तरीही मी या सेवेच्या बाजूने आहे, कारण काही रात्री अशा असतात की आकडे नसते तर वाद नुसत्या आवाजावर चालला असता. १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. इव्हँडर होलीफिल्डकडे दोन बेल्ट, लेनॉक्स लुईसकडे तिसरा. लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०. निकाल काय? ड्रॉ. एका जजने ११६-११३ लुईसला दिले, दुसऱ्याने ११५-११५, आणि यूजेनिया विल्यम्स यांनी ११५-११३ होलीफिल्डला. पाचव्या राउंडमध्ये लुईसचे ४३ लागले, होलीफिल्डचे ११, आणि तो राउंडही विल्यम्स यांच्या कार्डावर, म्हणजे गुणपत्रकावर, होलीफिल्डच्या नावावर आहे. एवढ्या फरकापुढे 'दृष्टिकोन वेगळा' हे उत्तर टिकत नाही. मला आजही त्या कार्डाचा राग येतो. लुईसने नोव्हेंबरमध्ये परत लढून बेल्ट घेतले, पण मार्चमधली त्याची हक्काची रात्र काही परत मिळाली नाही.

लढत खरोखर चुरशीची असली की मात्र एकूण बेरीज फसवते, आणि पोरं नेमकी तीच बघतात. गुण राउंडप्रमाणे दिले जातात. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. ४३-११ असा राउंडसुद्धा बहुतेक वेळा एकाच गुणाच्या फरकाचा, आणि १२-११ असाही एकाच गुणाचा. दोन राउंड झोडपून काढले आणि सात राउंड थोडक्यात गमावले, तर बेरजेत पुढे असूनही माणूस हरतो, आणि ते बरोबरच आहे.

गोलोव्हकिन आणि कॅनेलो अल्वारेझ यांची सप्टेंबर २०१७ ची पहिली लढत घ्या. लागलेले ठोसे गोलोव्हकिन २१८, कॅनेलो १६९. अॅडलेड बर्ड यांचं ११८-११० कॅनेलोच्या बाजूचं कार्ड सगळ्या जगाने झोडलं, मीही झोडतो. पण तिसरं कार्ड गोलोव्हकिनचं होतं, म्हणून ड्रॉ व्हायला डॉन ट्रेला यांचं ११४-११४ तेवढंच लागलं. सातवा राउंड त्यांनी गोलोव्हकिनला दिला असता तर ११५-११३ होऊन निकाल फिरला असता. राउंडनिहाय तक्ता समोर ठेवून तो सातवा राउंड परत बघणं, हा या सेवेचा सर्वांत चांगला उपयोग. माझ्या वहीत ती लढत गोलोव्हकिनची, ११६-११२.

मग जज काढून टाका आणि आकड्यांवरच निकाल लावा, असं कुणी म्हणालं की मी त्याला ऑलिंपिकचा इतिहास सांगतो. १९८८ मध्ये सोलला रॉय जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्क सी-हूनचे ३२, आणि सुवर्ण पार्कला गेलं. त्या बदनामीनंतर १९९२ पासून जजांच्या हाती बटणं आली आणि मोजणी हाच निकाल झाला. पोटातले ठोसे, जवळून झालेले झटपट मारे त्यात हरवायला लागले, पोरं फक्त दिसेल असा एकेक ठोसा टाकून पळायला शिकली. वादही थांबले नाहीत. २०१२ ला लंडनमध्ये आपला विकास कृष्ण एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा जिंकला होता. अमेरिकेच्या अपिलानंतर फाउलचे गुण धरून निकाल १५-१३ स्पेन्स असा फिरला. २०१६ चं रिओ ऑलिंपिक येईपर्यंत ती बटणं बंद झाली होती.

माझा आवडता धडा हॅगलर-लेनर्ड, ६ एप्रिल १९८७. लेनर्ड ३०६, हॅगलर २९१. बारा राउंडमध्ये फरक पंधरा ठोशांचा! कार्डं ११८-११० लेनर्ड, ११५-११३ लेनर्ड, ११५-११३ हॅगलर. लेनर्ड राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात मुद्दाम झपाट्याने मारायचा, म्हणजे जजच्या डोळ्यांत तेच राहावं. हॅगलर सतत पुढे जात राहिला. आक्रमण किती परिणामकारक होतं, बचाव किती होता, रिंगवर ताबा कुणाचा होता, हे जजने बघायचं असतं आणि तक्त्याला दिसत नाही. मी ती लेनर्डला ११५-११३ देतो, पण हॅगलरला देणाऱ्याशी भांडत नाही. ११८-११० देणाऱ्याशी भांडतो. हॅगलर त्यानंतर एकदाही लढला नाही.

अलीकडचं उदाहरण बेटरबिएव आणि बिव्होल. ऑक्टोबर २०२४ ला रियाधमध्ये लाइट हेवीवेट वजनगटाचे चारही बेल्ट पणाला. ११४-११४, ११५-११३, ११६-११२, बेटरबिएव विजयी. फेब्रुवारी २०२५ ला तेच तीन आकडे, बिव्होल विजयी. पहिल्या लढतीत लागलेले ठोसे दोघांचे जवळपास सारखे, फेकलेले बेटरबिएवचे कितीतरी जास्त. बेटरबिएवचा दबाव धरला की एक कार्ड बनतं, त्याचे गार्डवर (बचावासाठी वर धरलेल्या हातांवर) आदळलेले ठोसे वगळले की दुसरं. दोन्ही प्रामाणिक असू शकतात.

माझ्या पोरांसाठी नियम साधा आहे. आधी आवाज बंद, कारण कॉमेंटेटर डोळ्यांवर पट्टी बांधतो. वहीत बारा रकाने, घंटा वाजली की गुण लिहायचे, खोडायचे नाहीत. लढत संपली की मगच राउंडनिहाय तक्ता उघडायचा आणि जिथे आपलं आणि त्याचं जमत नाही तेवढेच राउंड परत बघायचे. असं वापरलं तर कॉम्प्युबॉक्सला पाचपैकी चार तारे. नुसती शेवटची बेरीज बघून भांडायला वापरणार असाल तर दोनसुद्धा देणार नाही. नवख्याने लुईस-होलीफिल्डपासून सुरुवात करावी, कारण तिथे तक्ता आणि डोळे एकच सांगतात. मग गोलोव्हकिन-कॅनेलोच्या पहिल्या दोन लढती, मग बेटरबिएव-बिव्होल. हॅगलर-लेनर्डला वही पक्की झाल्यावरच हात लावा.