आत्मा की अनात्म: वेदान्त आणि बुद्धविचार

आधी वेदान्त अभ्यासावा की बुद्धविचार, असे भाचीने विचारले. कर्म आणि पुनर्जन्म दोन्हीकडे आहेत, जरी डॉ. आंबेडकरांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. खरा भेद आत्म्याचा आहे. अद्वैत वेदान्तानुसार देह पालटला तरी आत्मा नित्य राहतो आणि तोच ब्रह्म, म्हणजे विश्वाचे मूळ सत्य, असल्याचे ज्ञान म्हणजे मोक्ष. बुद्धांनी मात्र माणसाकडे रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची अनुभूती), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव) या ५ स्कंधांचा, म्हणजे घटकांचा, बदलता प्रवाह म्हणून पाहिले, ज्यात टिकणारा ‘मी’ सापडत नाही, आणि तृष्णेचा क्षय म्हणजे निर्वाण. हा भेद केवळ शब्दांचा आहे, हे मला पटत नाही. वेदान्त श्रुतीला, म्हणजे वेद-उपनिषदांना, प्रमाण मानतो, तर बुद्ध अष्टांगिक मार्ग स्वतः पडताळायला सांगतात. नित्य आधाराची ओढ असणाऱ्याने वेदान्त घ्यावा. ज्याला दुःखाचे कारण स्वतःच्या मनात तपासायचे असेल, त्याने बुद्धविचार.